साईज दोनची प्लेट, साईज तीनचा ब्लॉक: नागपुरातल्या एका गुडघ्याचं प्रकरण

गुडघा बदलताना हाड कमी पडलं तर काय करायचं, यावर पुस्तकात सुटसुटीत तक्ते असतात. खड्डा इतका तर सिमेंट, तितका तर ग्राफ्ट म्हणजे बसवलेला हाडाचा तुकडा, त्याहून मोठा तर धातूचा ब्लॉक. हे प्रकरण लिहितोय ते त्या तक्त्यातले दोन बरोबर निर्णय टेबलावर एकमेकांच्या आड कसे आले ते सांगायला. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. शस्त्रक्रियेतली मोजमापं मात्र आमच्या नोंदवहीतलीच.

पार्श्वभूमी

काकू ६६ वर्षांच्या. राहणं गोळीबार चौकाच्या मागच्या जुन्या विणकरवस्तीत. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात दोन माग होते. मागावर पुरुष बसायचे आणि काकू जमिनीवर बसून चरख्यावर कांड्या भरायच्या. एक पाय दुमडलेला, एक अर्धा पसरलेला, दिवसाचे सहा-सात तास. माग केव्हाच बंद पडले, मुलगा आता बुटीबोरीला नोकरीला जातो, पण गुडघे त्या बैठकीतून उठलेच नाहीत.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा ओपीडीत आल्या. दारापासून खुर्चीपर्यंतची चार पावलंच मी बघत होतो. उजवा पाय टेकला की गुडघा बाहेरच्या बाजूला झटक्याने फेकला जायचा आणि पाऊल उचललं की परत जागेवर यायचा. नुसता वाकडा पाय आणि असा फेकला जाणारा पाय यांत मोठा फरक आहे. फेकला जाणारा पाय सांगतो की आतलं हाड खचलंय आणि बाहेरचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून धरणारा पट्टा, ताणून सैल झालाय. म्हणजे अडचण दोन्ही बाजूंना.

सोबत साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यात सगळे जुने एक्स-रे, काही एकमेकांना चिकटलेले. सगळ्यात जुना चार वर्षांपूर्वीचा. त्यात आतली सांध्याची फट संपली होती, हाडावर हाड घासत होतं, पण नडगीच्या हाडाचं पठार, म्हणजे त्याचा सांध्यातला वरचा भाग, जवळजवळ सपाट होतं. नव्या एक्स-रेवर तेच पठार आत आणि मागच्या बाजूला घसरगुंडीसारखं उतरलेलं. मधल्या चार वर्षांत गुडघ्यात इंजेक्शनं, पट्टा, तेल, एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून काढे, करोनाची दोन वर्षं, नातीचं लग्न. यात कुणाचंच फारसं चुकलं नाही. दुखणं सहन होत होतं म्हणून लोक थांबतात. फक्त हाड थांबत नाही, एवढं कुणी त्यांना स्पष्ट सांगितलं नव्हतं.

पहिल्या भेटीत काकूंचा प्रश्न एकच होता. "डॉक्टरसाहेब, टेकडीच्या गणपतीले जाता येईन का? आन महालक्ष्म्यांच्या वेळी खाली बसता येईन का?" पहिल्याला हो म्हणालो, दुसऱ्याला नाही. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धं तं अर्धं."

तपासण्यांत विशेष काही निघालं नाही. मधुमेह नाही, रक्तदाब गोळीवर ताब्यात. ड जीवनसत्त्व कमी होतं, ते महिनाभर भरून काढलं. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह आली. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे वाक्य कदाचित खटकेल, पण आमचे भूलतज्ज्ञ हा कागद बघितल्याशिवाय मांडीला टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, बांधू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सिकलसेल असलेल्या रुग्णात रक्तपुरवठा अडवणं धोक्याचं ठरू शकतं, आणि आमच्याकडे हा आजार दुर्मीळ नाही.

अडचण नेमकी काय होती

नितंबापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रे घेतला. पायाचा बाक २२ अंश, आतल्या बाजूला. गुडघा शेवटचे १५ अंश सरळ होत नव्हता. बाहेरच्या पठाराच्या पातळीवर नडगीच्या अक्षाला काटकोनात रेघ मारली आणि तिथून खड्ड्याच्या तळापर्यंत मोजलं. १७ मिलिमीटर.

आता हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण सांधा बसवताना पठार तसंही कापायचं असतं. बाहेरच्या चांगल्या बाजूवरून साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड निघतं, तेवढा खड्डा आपोआप कमी होतो. पण इथे एक मेख होती. बाहेरचा लिगामेंट आधीच सैल. नेहमीइतकं हाड कापलं तर मधली पोकळी एवढी वाढेल की ती भरायला सांध्याच्या मधलं जाडजूड प्लास्टिक लागेल. म्हणून आम्ही कमी, म्हणजे ७ मिलिमीटरच कापायचं ठरवलं. सतरातून सात गेले, उरले दहा. शस्त्रक्रियेच्या कागदावर मी लिहिलं: "उरणारा खड्डा अंदाजे १० मिमी, आत आणि मागे, कड नाही."

शेवटचे दोन शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे. खड्ड्याला चारही बाजूंनी कड असेल तर तो वाटीसारखा असतो. त्यात काहीही भरा, ते तिथेच राहतं. कड नसेल तर तो उतार असतो, आणि उतारावर ठेवलेली गोष्ट घसरायला बघते. अँडरसन संस्थेच्या वर्गीकरणात, ज्याला आम्ही एओआरआय म्हणतो, हा टिबियाचा, म्हणजे नडगीच्या हाडाचा, टाइप दोन-ए झाला. म्हणजे हाडाच्या रुंद भागाला इजा आहे, पण एकाच बाजूला. हे वर्गीकरण मुळात बदललेला सांधा परत बदलताना उपयोगी पडावं म्हणून आलं, पण आमच्याकडे उशिरा येणाऱ्या पहिल्याच गुडघ्यांनाही ते लागू पडतं.

समोर असलेले पर्याय

आदल्या आठवड्यात मी आणि माझे सहकारी सर्जन एक्स-रे घेऊन बसलो. धंतोलीतल्या आमच्या बैठकीत चहा दोनदा आला, त्यावरून वेळेचा अंदाज यावा.

सगळ्यात सोपा मोह म्हणजे खोल कापणं. आणखी चार-पाच मिलिमीटर घेतले की खड्डा जवळजवळ निम्मा. पण पठारापासून जसजसं खाली जावं तसतसं हाड मऊ होत जातं आणि त्याचा घेरही लहान होतो. काकूंच्या सैल लिगामेंटमुळे पोकळी तशीही मोठी होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, नुसतं सिमेंट. पाचेक मिलिमीटरपर्यंतच्या खड्ड्याला ते चालतं. दहाला नाही. सिमेंट दाबाला चांगलं, पण जाड थर घट्ट होताना आकसतो आणि उतारावर त्याला मागून आधार नसतो. त्यात दोन स्क्रू उभे करून वरून सिमेंट ओतायची पद्धत मात्र जुनी आणि टिकाऊ आहे. सळई घातलेल्या काँक्रीटसारखीच कल्पना, आणि स्वस्त. पाच ते दहा मिलिमीटरच्या मधल्या खड्ड्यांसाठी अनेक अनुभवी सर्जन आजही तीच वापरतात.

तिसरा, रुग्णाचंच हाड. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचे तुकडे निघतातच, ते एरवी बादलीत जातात. त्यातला चांगला तुकडा खड्ड्यावर बसवून स्क्रूने आवळायचा. खर्च नाही, हाड हाडाला जुळतं, आणि पुढे कधी सांधा परत बदलावा लागला तर हाताशी हाड शिल्लक राहतं. तोटा असा की ते जुळेलच याची हमी नाही, आणि वेळ लागतो.

चौथा, धातूचा ब्लॉक, ज्याला आम्ही ऑगमेंट म्हणतो. पाच किंवा दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा नडगीवर बसणाऱ्या धातूच्या प्लेटच्या खालून बसतो. लगेच भक्कम, जुळण्याची वाट बघायची नाही. पण ब्लॉकला सपाट पायरी लागते, उतार चालत नाही. म्हणजे उतार कापून पायरी करायची, तेवढं चांगलं हाड जाणार. आणि पैसे.

पैशांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरच्यांशी झालेल्या बोलण्यातली पहिली चूक इथेच झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्याची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात "गुडघ्याचं सामान पंचावन्न हजारांचं" असं पक्कं बसलंय. पण स्टेम (प्लेटखालचा हाडात जाणारा दांडा) आणि ब्लॉक लागले की बिल वाढतं. मी मुलाला सांगितलं, "थोडं वर-खाली होऊ शकतं." किती वर, किती खाली, आणि कशामुळे, हे सांगितलं नाही.

पाचवा पर्याय आमच्या कागदावर सगळ्यात खाली आणि बारीक अक्षरात होता. प्लेट एक साईज लहान घ्यायची, बाहेरच्या बाजूला सरकवायची, आणि आतल्या कडेचं उघडं पडलेलं हाड काढून टाकायचं. खड्डा सगळ्यात खोल असतो तो आतल्या कडेलाच, त्यामुळे कड गेली की सगळ्यात खोल भागही जातो. शिवाय आतला आवळलेला लिगामेंट त्या हाडावरून ताणलेला असतो, तोही सैल पडतो. एका दगडात दोन पक्षी. मर्यादा एवढीच की मांडीच्या बाजूचा भाग आणि नडगीची प्लेट यांच्या साईजची जोडी कंपनीच्या तक्त्यात बसली पाहिजे. आमच्या सिस्टीममध्ये तीन नंबरच्या फीमरला, म्हणजे मांडीच्या बाजूच्या भागाला, दोन नंबरची प्लेट चालत होती.

मोठे खड्डे भरायचे धातूचे शंकू (कोन) आणि स्लीव्ह, हाडपेढीतलं हाड यांची इथे गरज नव्हती. टाइप दोन-ए साठी ते म्हणजे सुपारी फोडायला घण.

ठरलं असं: साईज तीनची प्लेट, १० मिलिमीटरचा ब्लॉक, आखूड स्टेम. पर्यायी बेत, काकूंचंच हाड. दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत असा घरच्यांचा आग्रह होता, एकच खर्च, एकच सुट्टी. आम्ही नाही म्हटलं. उजवा अवघड आहे, तिथे किती वेळ जाईल ठाऊक नाही, आणि त्यानंतर त्यांना उभं राहायला एक ओळखीचा पाय हवा, वाकडा का होईना.

टेबलावर

डिसेंबरचा पहिला आठवडा. नागपुरात गुडघे बदलायचा हाच हंगाम. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपार गेल्यावर वॉकर घेऊन चालायला कुणी तयार नसतं.

मणक्यातून भूल, टूर्निकेट, नेहमीचा आतल्या बाजूचा छेद. वाढलेली हाडं काढली, आतला लिगामेंट थोडा सोडवला, पाय अर्धा सरळ आला. ७ मिलिमीटरचा काप घेतला आणि कापलेली चकती हातात आली. चकतीची बाहेरची बाजू बोटाच्या पेराएवढी जाड, आत येता येता कागदासारखी होऊन संपलेली. म्हणजे आतल्या अर्ध्या भागात करवतीला हाड लागलंच नव्हतं.

मोजपट्टी लावली. आतल्या कडेला खोली ११ मिलिमीटर, रुंदी १८. तळ पांढराशुभ्र, हस्तिदंतासारखा गुळगुळीत, रक्ताचा एक थेंबही नाही. एक्स-रेवरचा अंदाज एका मिलिमीटरने चुकला होता, हे तर चांगलंच म्हणायचं. पण एक गोष्ट एक्स-रेने सांगितली नव्हती. साईज तीनचं माप ठेवलं तर प्लेट आतल्या बाजूला पूर्ण हवेत. तिचा आतला तिसरा हिस्सा कशावरच टेकत नव्हता. आणि आतला लिगामेंट अजूनही आवळलेला, पाय अजूनही ८-९ अंश आत.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. लिगामेंट आणखी सोडवत जायचं की कडेचं हाड काढायचं? लिगामेंट जास्त सोडवला तर तो एकदम सुटतो, आणि मग दोन्ही बाजू सैल. सहकारी सर्जन म्हणाले, "सर, दोन नंबर ठेवून बघू या." दोन नंबरचं माप ठेवलं, बाहेर दोन मिलिमीटर सरकवलं. आत सहा मिलिमीटर हाड उघडं पडलं. ते करवतीने उभं कापून काढलं. पाय सरळ केला आणि लिगामेंट दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा वाटला. खड्डा परत मोजला: कडेला ७ मिलिमीटर खोल, १२ रुंद.

हा क्षण मला फार आवडला होता. पुढची दहा मिनिटं तेवढी आवडली नाहीत.

मी ब्लॉक मागितला. सिस्टरने पेटी उघडली. त्यात पाचचा आणि दहाचा ब्लॉक होता, दोन्ही साईज तीनचे. दोनच्या प्लेटखाली तीनचा ब्लॉक बसत नाही, स्क्रूची भोकंच जुळत नाहीत. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की साईज दोनचा ब्लॉक नागपुरात आज नाही. चूक त्याची नव्हती. मागणीपत्रावर मीच "साईज तीन, ब्लॉक पाच आणि दहा" लिहिलं होतं. पाचवा पर्याय कागदावर लिहिताना, तो वापरला तर चौथ्याचं सामान बदलेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. टूर्निकेट लावून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.

बदललेला बेत

तीन वाटा होत्या. एक, परत साईज तीनवर जायचं. कडेचं हाड काढून झालं होतं, त्यामुळे ती प्लेट आता आणखीच हवेत राहिली असती. ही वाट बंदच म्हणायची.

दोन, स्क्रू आणि सिमेंट. खड्डा आता ७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर त्या पद्धतीच्या मापात. पंधरा मिनिटांत काम झालं असतं. एखाद्या सर्जनने इथे तेच केलं असतं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. काकू पंचाहत्तरीच्या असत्या तर मीही तेच केलं असतं.

तीन, त्यांचंच हाड. मी तिकडे वळलो ते दोन कारणांनी. ६६ वय, आई नव्वदीत गेलेली. या गुडघ्याला बरीच वर्षं काढायची आहेत, आणि कधी परत उघडावा लागला तर आत सिमेंटपेक्षा हाड मिळालेलं बरं. दुसरं कारण व्यवहाराचं: चांगला तुकडा समोर होता. मांडीच्या हाडाच्या मधल्या खाचेतून आम्ही चौकोनी पेटीसारखा भाग काढतो. तो आम्ही सुदैवाने करवतीने अखंड काढला होता. पुष्कळदा घाईत तो कुरतडून काढला जातो आणि नुसता चुरा हाती येतो. हा तुकडा दाबून बघितला, बोटाखाली दबत नव्हता.

गंमत म्हणजे, सात मिलिमीटरला दहाचा ब्लॉक हातात असता तरी तो बसवायला मला आणखी तीन मिलिमीटर चांगलं हाड खालून कापावं लागलं असतं. पाचचा असता तर दोन मिलिमीटर सिमेंट. हे मला तिथे उभं असताना सुचलं नाही, नंतर नोंदी लिहिताना सुचलं. म्हणजे पेटीत योग्य ब्लॉक असता तर मी कदाचित विचार न करता तो लावून मोकळा झालो असतो.

ग्राफ्ट बसवायचं काम सुताराचं आहे. खड्ड्याचा गुळगुळीत तळ करवतीने जेमतेम एक मिलिमीटर तासला, उतार तसाच ठेवून. मग दोन मिलिमीटरच्या ड्रिलने त्यात दहा-बारा भोकं पाडली. टूर्निकेट असल्याने रक्त वाहत नव्हतं, पण भोकांतून लालसर मगज दिसला, म्हणजे खालचं हाड जिवंत होतं. तुकड्याची स्पंजासारखी बाजू तळाकडे, टणक बाजू बाहेर. दोन तारांनी तात्पुरता धरला.

तुकडा पक्का करायला चार मिलिमीटरचे दोन स्क्रू आतल्या बाजूने तिरपे घालायचे होते. पहिली तार मी ग्राफ्टच्या बरोबर मधून घातली, दिसायला सुंदर. मग सहकाऱ्याने प्लेटच्या दांड्याची जागा ठोकून बघायला घेतली आणि हातोडा "टण्" वाजला. तार स्टेमच्या वाटेत. काढली. एक स्क्रू पुढून, एक मागून, मधे स्टेमला रस्ता. मागच्या स्क्रूची लांबी तीनदा मोजली, कारण गुडघ्याच्या मागे रक्तवाहिन्या आहेत. स्क्रूंची डोकी प्लेटला लागणार नाहीत एवढी खाली ठेवली, दोन वेगळे धातू एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

नंतर मूळ जिग, म्हणजे करवतीला वाट दाखवणारा साचा, लावून ग्राफ्टचा वर आलेला भाग पठाराच्या पातळीत कापला. ग्राफ्ट आणि हाडाच्या फटीत हाडाचाच चुरा दाबून भरला. हे न केल्यास सिमेंट फटीत शिरतं आणि जे जुळायला हवं तेच वेगळं ठेवतं. स्टेम आखूड घेतला, सिमेंटने बसवायचा. लांब स्टेम हाडाच्या पोकळीच्या दिशेनेच जातो. आम्ही प्लेट बाहेर सरकवली होती, त्यामुळे लांब स्टेम बाहेरच्या भिंतीला अडला असता आणि प्लेटला परत आत ढकललं असतं. स्टेमचं काम फक्त ग्राफ्टवरचा भार थोडा खाली, चांगल्या हाडात वाटून देणं. तेवढं आखूड स्टेम करतो.

टूर्निकेट ९६ मिनिटांनी सोडलं. पाय सरळ, गुडघा टेबलावर ११५ अंश वाकला.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी काकू वॉकर घेऊन दारापर्यंत गेल्या. इथे पुन्हा निर्णय होता: ग्राफ्टवर भार द्यायचा की सहा आठवडे पाय अधांतरी ठेवायचा? कागदावर अधांतरी ठेवणं सुरक्षित. पण दुसरा गुडघा तोही वाकडा, त्या एका पायावर उड्या मारणार कशा? स्टेम आहे, स्क्रू आहेत, म्हणून पूर्ण भार दिला, पण वॉकर सहा आठवडे सोडायचा नाही या अटीवर. फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरी जाऊन संडासाची खुर्ची आणि पलंगाची उंची बघितली. हे काम आम्ही सर्जन लोक सहसा विसरतो.

बिलाच्या दिवशी मुलगा जरा तणतणला. ब्लॉक लागला नाही म्हणून त्याला बिल कमी येईल असं वाटलं होतं. स्टेम आणि स्क्रूचे पैसे बघून म्हणाला, "सर, तुम्ही तं म्हणाले थोडंसंच वर-खाली होईन." बोलणं त्याचं रास्त होतं.

तीन महिन्यांच्या एक्स-रेत ग्राफ्ट आणि मूळ हाडाच्या मधे एक बारीक काळी रेघ दिसली, जेमतेम मिलिमीटरभर. काकूंना काहीच त्रास नव्हता. मी घरच्यांना रेघ दाखवली आणि सांगितलं की ती रुंद होते का, एवढंच बघायचं. सहा महिन्यांनी तेवढीच होती. वर्षाच्या एक्स-रेत रेघ पुसट झालेली, हाडाचे धागे इकडून तिकडे गेलेले. प्लेट एक अंशानेही कललेली नाही. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर परत बघितलं, तेव्हा ग्राफ्ट कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होतं हे स्क्रू नसते तर सांगता आलं नसतं.

गुडघा ११० अंश वाकतो. एक तक्रार मात्र राहिली. पुढच्या स्क्रूचं डोकं आतल्या बाजूला कातडीखाली लागतं, कुशीवर झोपलं की टोचतं. काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या जी, त्याच्यासाठी परत चिरता का?" दोन गुडघ्यांच्या मधे उशी ठेवून झोपतात. आणि हो, महालक्ष्म्यांच्या दिवशी त्या जमिनीवर बसल्याच. सुनेने फोटो पाठवला तेव्हा मला कळलं. बसल्या कशा माहीत नाही, उठवायला मात्र दोघी लागल्या.

परत केलं तर काय बदलीन

मागणीपत्र. आता आमच्याकडे ब्लॉकची मागणी ठरलेल्या साईजची आणि तिच्याहून एक लहान साईजची, अशी दोन ओळींत जाते. एक्स-रेवर ठरवलेली साईज ही अंदाजाची असते, आणि वाकडा गुडघा सरळ करताना ती लहान व्हायचीच शक्यता जास्त. आदल्या संध्याकाळी पेटी उघडून सिस्टर आणि असिस्टंट दोघं मिळून यादीवर टिक करतात.

कापायचा क्रम. त्या दिवशी मी आधी कड कापली आणि मग सामान मागितलं. उलटं हवं होतं. कडेचं हाड काढण्यापूर्वी एक मिनिट थांबून "दोन नंबरच्या प्लेटखाली बसणारं काय काय आहे?" एवढं विचारलं असतं तरी निर्णय तोच झाला असता, पण तो मी घेतला असता, पेटीने नव्हे.

स्क्रूची डोकी हाडात बुडवून घ्यायला हवी होती. कातडी पातळ असलेल्या बाईच्या गुडघ्याला दोन मिलिमीटरही फार असतात.

खर्चाचा कागद. आता घरच्यांना तीन आकडे लेखी देतो: काहीच जास्तीचं लागलं नाही तर, फक्त स्टेम लागला तर, आणि स्टेम-ब्लॉक दोन्ही लागले तर. तिसरा आकडा ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देत, परत येतात.

सहकाऱ्याचं आणि माझं एका गोष्टीवर अजून एकमत नाही. त्यांच्या मते सात मिलिमीटरला स्क्रू-सिमेंट पुरेसं होतं आणि मी २५ मिनिटं टूर्निकेट उगाच वाढवलं. ती तीन महिन्यांची काळी रेघ ते मला मधूनमधून आठवण करून देतात. मी त्यांना वर्षाचा एक्स-रे दाखवतो.

काकूंचा डावा गुडघा एप्रिलच्या आधी, मार्चमध्येच केला. तिथे काप घेतल्यावर उरलेला खड्डा होता ४ मिलिमीटर. बोटाने सिमेंट दाबलं, प्लेट बसवली. पेटीतला दोन नंबरचा ब्लॉक तसाच परत गेला.